दिवा, वज्री आणि दगडातली आई

वस्तुसंग्रहालय मी प्रथम पाहिले ते शाळेच्या सहलीबरोबर, आणि त्या भेटीतले आज काही स्मरत असेल तर ते एवढेच, की दुपार कलली होती, नवे बूट चावत होते, प्रत्येक कपाटावरची पाटी वहीत उतरवून घेण्याचा गुरुजींचा हुकूम होता, आणि मागून येणाऱ्या तुकडीला वाट करून देण्यासाठी आम्हांला एका दालनातून दुसऱ्या दालनात सारखे पुढे ढकलले जात होते. मूर्ती आल्या आणि गेल्या, तलवारी आल्या आणि गेल्या, पेंढा भरलेल्या वाघापुढे क्षणभर गलका झाला, आणि संध्याकाळी गाडीत बसलो तेव्हा वहीची चौदा पाने भरलेली होती व डोळ्यांत मात्र एकही वस्तू उरलेली नव्हती.

या अनुभवाला शास्त्रीय नाव आहे हे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. अमेरिकेतील बॉस्टन येथील कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली या विषयावर एक लेख लिहिला, त्यासाठी खालच्या फळीवरचे पाहायला वाकलेल्या, वरच्या पाटीकडे मान ताणलेल्या प्रेक्षकाची छायाचित्रे काढली, आणि कलेच्या मंदिरात माणूस इतका लवकर का थकतो याचा विचार मांडला. त्या शिणाला त्यांनी दिलेले ‘म्युझियम फटीग’ हे नाव आजही चालते. गिलमन यांचा रोख प्रामुख्याने कपाटांच्या रचनेवर होता. मला मात्र वाटते, की कंबर आणि मान दुखते हे खरे असले तरी आधी थकते ते मन, कारण शंभर वस्तूंना एका तासात नमस्कार करून निघालेल्या माणसाची त्यांतल्या एकीशीही ओळख होत नाही, आणि ओळख नसलेल्यांच्या गर्दीत फिरण्याइतके थकवणारे दुसरे काही नसते.

मला या शिणातून सोडवले ते माझ्या वडिलांनी. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. मामलेदार कचेरीत ते अव्वल कारकून होते, आणि दप्तरातला कागद वाचताना मजकुराइतकेच समासातल्या शेऱ्याकडे, शिक्क्याकडे आणि कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष देण्याची जी सवय त्यांच्या हाडीमाशी भिनली होती, ती कचेरीबाहेरही त्यांना सोडत नसे. कुठल्याशा कामासाठी ते मुंबईस निघाले, मला बरोबर घेतले, आणि काम आटोपल्यावर हाताशी दीड तास उरला तेव्हा ते मला त्याच इमारतीत घेऊन गेले. तिचे नाव त्या वेळी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम असे होते. १९९८ पासून ती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने ओळखली जाते. जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञाने आराखडा केलेल्या या वास्तूची कोनशिला १९०५ साली बसली, १९१४ साली बांधकाम पुरे झाले, पण तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि दालनांत मूर्तींच्या आधी जखमी शिपायांच्या खाटा लागल्या. लोकांसाठी दरवाजे उघडले ते १० जानेवारी १९२२ रोजी. विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा तिचा घुमट बाहेरून कोणालाही दिसतो. पण आत शिरल्यावर मधल्या दिवाणखान्यात जे कोरीव लाकडी खांब आणि कमानी आहेत, ते नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून आणून तेथे जोडलेले आहेत, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नानांच्या ते आले, कारण ते आधी खांबाला हात लावून पाहत, आणि मग पाटीकडे वळत.

त्यांनी मला भाजलेल्या मातीच्या एका मूर्तीपुढे उभे केले. कुरळ्या केसांचा, हातात कमळ घेतलेला, जरासा वळून उभा राहिलेला तो तरुण सिंधमधील मीरपूर खास येथील विटांच्या बौद्ध स्तूपावर बसवलेला होता. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग असल्यामुळे, आणि पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी तेथे १९०९-१० च्या सुमारास उत्खनन केल्यामुळे, तेथील मृण्मूर्ती मुंबईच्या वाट्याला आल्या. तो स्तूपाला दान देणारा कोणी भाविक असावा, असे अभ्यासक मानतात. हे सारे मला नंतर कळले. त्या दिवशी नाना एवढेच म्हणाले, “आज एवढंच बघायचं. बाकीचं काही पळून जात नाही.”

पाच मिनिटांत मी कंटाळलो. दहाव्या मिनिटाला मला त्याच्या अंगावर रंगाचा पुसटसा अंश दिसला. मी तसे म्हणताच नाना खाली वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे हा मुळात मातीच्या रंगाचा नव्हता तर. रंगवलेला होता. कसा दिसत असेल रे उन्हात!” आणि त्या एका वाक्यासरशी काचेमागचा तो पुतळा सिंधच्या उन्हात, तांबड्या विटांच्या भिंतीवर, पंधराशे वर्षांपूर्वीच्या कोण्या कुंभाराच्या हातून नुकताच रंगवून झालेला असा माझ्यापुढे उभा राहिला. घरी परतताना माझ्याजवळ लिहिलेले पान एकही नव्हते, आणि तो कमळवाला तरुण आज इतक्या वर्षांनीही माझ्याजवळ आहे.

त्यानंतर मी देशातली जी संग्रहालये पाहिली ती सारी याच रीतीने पाहिली. म्हणजे एका भेटीत एक वस्तू, फार तर दोन. यात पुष्कळ सुटते, हे कबूल केले पाहिजे. हैदराबादेस सालारजंग संग्रहालयात बेंझोनीच्या संगमरवरी रिबेकेच्या मुखावरचा तो दगडात कोरलेला झिरझिरीत पदर पाहण्यात माझी अख्खी सकाळ गेली, आणि ज्या वाजणाऱ्या घड्याळासाठी शेकडो लोक तासाच्या ठोक्याला चौकात जमतात, ते पाहायचे राहूनच गेले.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची गोष्ट मात्र निराळी, कारण तेथे मी एक वस्तू निवडायला गेलो आणि वस्तूनेच मला निवडले. शुक्रवार पेठेतल्या त्या इमारतीत शिरणाऱ्या पुष्कळांचा समज असा असतो, की हे कोण्या संस्थानिकाचे वैभव असावे आणि ‘राजा’ हा त्याचा किताब असावा. वस्तुस्थिती अगदी वेगळी आणि हृदयाला चटका लावणारी आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे राजे नव्हते; चष्म्यांचा व्यवसाय करणारे, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे ते एक मध्यमवर्गीय गृहस्थ होते. राजा हे त्यांच्या मुलाचे नाव. तो अगदी लहान वयात गेला, आणि जे घर मुलाच्या पावलांनी भरायचे ते या पितृहृदयाने गावोगावच्या जुन्या वाड्यांतून, बाजारांतून, मोडीच्या ढिगांतून उचलून आणलेल्या वस्तूंनी भरत नेले. पत्नी कमलाबाईंची त्यांना अखेरपर्यंत साथ होती. साऱ्या हिंदुस्थानातून अशा वीस हजारांवर वस्तू जमल्या, त्यांतल्या सुमारे अडीच हजार तेवढ्या एका वेळी मांडता येतात, आणि पुढे हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला.

या संग्रहात कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल आहे, वाद्ये आहेत, कोरीव दरवाजे आहेत. पण केळकरांची खरी दृष्टी दिसते ती स्वयंपाकघरातल्या, माजघरातल्या आणि न्हाणीघरातल्या चिजांत. समया आणि लामणदिवे, कुंकवाचे करंडे, पानाचे डबे, शेवयांचे साचे, आणि अडकित्ते तर असे, की सुपारी फोडण्याचे साधे काम, पण त्यासाठी लोहाराने घोडेस्वार घडवावा, राघू घडवावा, एकमेकांकडे तोंड केलेले स्त्रीपुरुष घडवावेत. ज्या समाजाला आपल्या सुपारीच्या पात्यातसुद्धा सौंदर्य हवे होते, त्याच्याविषयी इतिहासाच्या ग्रंथांतून जे कळत नाही ते या एका कपाटातून कळते.

मी थबकलो तो वज्रींच्या कपाटापुढे. वज्री म्हणजे आंघोळीच्या वेळी टाचा घासण्याचे पितळी साधन. खालची बाजू खरखरीत, वर धरायला मूठ. ज्यांच्या घरात न्हाणीघराचा दगड आणि चुलाण्यावरचा बंब होता त्यांना ती सांगावी लागणार नाही. माझ्या आजीच्या वज्रीवर मोर होता. वापरून वापरून त्याची चोच झिजून गेली होती, आणि आम्ही मुले त्याला कोंबडी म्हणत असू. आजी गेल्यानंतर घर आवरताना ती मोडीत गेली. कोणी घातली, किती आण्यांना गेली, याची घरात कोणालाच दाद नव्हती. येथे काचेमागे मोराच्या मुठीची एक वज्री होती. तिच्या मोराला चोच होती, तुरा होता, पिसाऱ्यावरचे डोळेही स्पष्ट होते. म्हणजे आजीच्या हाताखाली झिजण्यापूर्वी आमचा मोर कसा होता, ते मला आयुष्यात प्रथमच दिसले. आम्ही ज्याला कोंबडी म्हणून हसलो तो एके काळी इतका देखणा होता! मी तेथे किती वेळ उभा होतो हे सांगता येणार नाही. शेजारी एक वृद्ध बाई नातीला म्हणत होत्या, “अगं, ही आमच्याकडे होती,” आणि मी मनात म्हणालो, ही आमच्याकडेही होती. त्या दिवशी अडीच हजार वस्तूंच्या दालनांत असे किती ‘आमच्याकडे होती’ उमटले असतील, आणि ज्या बापाने मुलाच्या नावे हे घर उभारले त्याच्या कानी ते पडते तर!

येथे एक तक्रार मांडल्यावाचून राहवत नाही. एका दूरच्या शहरातल्या संग्रहालयात अशाच घरगुती वस्तूंच्या कपाटावर ‘पितळ, एकोणिसावे शतक’ एवढीच पाटी मी पाहिली. वस्तूचे नाव नाही, उपयोग नाही, कोणत्या मुलुखातली याचा पत्ता नाही. शाळकरी पोरे समोरून निघून जात होती, आणि कोणी त्यांना सांगत नव्हते, की या पितळेला हात होते आणि त्या हातांना घरे होती. वस्तू जपली, पण तिची ओळख दप्तरातून गहाळ झाली, तर ती अर्धीच जपली.

म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात मी गेलो ते रविवर्म्याची चित्रे पाहायला. १८६१ साली बांधलेल्या या वाड्यात १९१५ पासून चित्रशाळा आहे आणि रविवर्म्याची उत्तम चित्रे तेथे आहेत. पण अंधूक उजेडाच्या एका दालनात गर्दी दिसली, तिच्या मागे जाऊन उभा राहिलो, आणि माणसे बाजूला झाल्यावर समोर एक तरुणी उभी होती. तिच्या एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला धरलेला. ज्योतीचा प्रकाश बोटांच्या मांसातून लालसर पाझरतो आहे, मुखावर चढतो आहे, लुगड्याच्या चुण्यांत विरतो आहे, आणि मागच्या भिंतीवर तिची सावली पडली आहे. माझ्या पुढचे एक गृहस्थ कुटुंबाला सांगत होते, की हे रविवर्म्याचे सर्वश्रेष्ठ चित्र. साऱ्या देशात हा समज रूढ आहे, दिनदर्शिकांवरसुद्धा ते तसेच छापले जाते. मला राहवले नाही. परक्या गावी, परक्या माणसाला, मोडक्या हिंदीत मी म्हणालो, की हे चित्र सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे, आणि दिवा घेतलेली ही मुलगी म्हणजे त्यांची स्वतःची कन्या. त्या गृहस्थांनी पुन्हा एकदा चित्राकडे पाहिले, आणि या वेळी अधिक वेळ पाहिले. “मुलगी,” एवढेच ते म्हणाले.

हळदणकर (१८८२–१९६८) हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, पुढे स्वतःची कलासंस्था चालवणारे, जलरंगांवर असामान्य प्रभुत्व असणारे चित्रकार. दिवाळीत हाती दिवा घेतलेली मुलगी पाहून त्यांना या चित्राची कल्पना सुचली, आणि १९४५-४६ च्या सुमारास ते पूर्ण झाले. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते ओळखले जाते. ते तैलरंगांत नसून जलरंगांत आहे, यातच त्याची थोरवी आहे, आणि ती सामान्य प्रेक्षकाला समजावून सांगण्यासारखी आहे. तैलरंगांत चित्रकार अंधारावर उजेड चढवू शकतो; काळ्यावर पिवळा, पिवळ्यावर पांढरा असा थर देऊन ज्योत शेवटी पेटवता येते आणि चुकल्यास खरवडून पुन्हा रंगवता येते. पारदर्शक जलरंगांची रीत उलटी. तेथे उजेड म्हणजे कागदाचा मूळ शुभ्रपणा; जेथे ज्योत हवी तेथला कागद पहिल्या क्षणापासून राखावा लागतो आणि त्याच्याभोवती अंधार एकेका ओल्या थराने आणावा लागतो. एक थेंब ओघळला, तर दिवा विझला. म्हणजे हळदणकरांनी त्या कागदावर दिवा लावला नाही, तर काळोख पसरत असताना तो जपला. मुलगी ज्योतीपुढे जसा हात धरते, नेमका तसाच.

आणि हा दिवा अजूनही जपावाच लागतो. कागदावरचे जलरंग उजेडाने फिके होतात, ती झीज साठत जाते आणि कधीही भरून निघत नाही. म्हणून अशा चित्रांवर साधारण पन्नास लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देऊ नये, असा जगभरच्या संग्रहालयांत संकेत आहे. पन्नास लक्स म्हणजे मीटरभर अंतरावरच्या पन्नास मेणबत्त्यांचा उजेड. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश लाख लक्सपर्यंत जातो. त्यामुळे दालनात काळोख आहे म्हणून कुरकुरणाऱ्या प्रेक्षकाने हे ध्यानी घ्यावे, की तो काळोखही एक प्रकारचा आडोशाचा हात आहे.

राहिले औंध. सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या चढावर १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय उभारणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे आपल्या संस्थानिकांच्या मालिकेतले अपूर्व पुरुष. संस्थान उणेपुरे ७२ गावांचे. पण याच मुलुखात किर्लोस्करांच्या कारखान्याला माळरानावर जागा मिळाली, वेदाभ्यासक व चित्रकार पंडित सातवळेकर येथे दीर्घकाळ राहिले, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला लाखाचे साहाय्य येथूनच जाहीर झाले, आणि १९३९ साली रयतेला स्वराज्याची घटनाही येथे मिळाली. बाळासाहेब सूर्यनमस्कारांचे प्रचारक, कीर्तनकार आणि स्वतः चित्रकार. चित्र-रामायण त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवले, अजिंठ्यावर ग्रंथ लिहिला. अशा माणसाने संग्रहालयासाठी जागा निवडली ती राजवाड्यातली नव्हे. देवीला जाणारी रयत ज्या वाटेने चढते ती वाट त्याने निवडली. नवस फेडायला आलेल्या कुणब्याला, पाटी डोक्यावर घेऊन आलेल्या बाईला वाटेत चित्रे दिसावीत, याहून मोठा कलाविचार मला कोणत्याही ग्रंथात आढळलेला नाही.

आत रविवर्म्याची सैरंध्री आहे, धुरंधरांची चित्रे आहेत, पहाडी व मोगल शैलींतली लघुचित्रे आहेत, चंदन आणि हस्तिदंत यांवरचे कोरीवकाम आहे, युरोपातल्या जगद्विख्यात चित्रांच्या हुबेहूब नकलाही आहेत, कारण रोम आणि फ्लॉरेन्स पाहणे ज्यांच्या नशिबी नाही त्यांना निदान नक्कल तरी दिसावी. सैरंध्रीपुढे मी नानांच्या रीतीने उभा राहिलो. चार पावले मागे गेले की वस्त्राचे पोत जिवंत होतात, जवळ जावे तर रंगाचे नुसते फटकारे उरतात, आणि या पुढे-मागे होण्यात केव्हा ढग आला व केव्हा सरला तेही चित्रावरूनच कळत होते. पण त्या दिवशीची माझी वस्तू ती नव्हती.

दुसऱ्या दालनात दगडात कोरलेली एक आई आहे, तिच्याजवळ मूल आहे. इंग्लंडचा हेन्री मूर (१८९८–१९८६) हा विसाव्या शतकातला जगन्मान्य शिल्पकार. त्याची शिल्पे पाहण्यासाठी लोक लंडन-न्यूयॉर्कला जातात, आणि त्याचे ‘माता आणि मूल’ हे एक शिल्प खटाव तालुक्यात यमाईच्या वाटेवर आहे. मूरला चेहऱ्याचे नाक-डोळे रेखीव करायचे नव्हते. दगडाचे दगडपण न घालवता, त्याच्या वजनातून आणि फुगवट्यातून आईच्या देहाचा भार आणि मुलाचा आधार त्याला दाखवायचा होता. हे पुस्तकातून मला ठाऊक होते. तरी मी पाहत होतो आणि काही जुळत नव्हते. कलेचे जे थोडे वाचन होते तेच मध्ये येत होते.

इतक्यात देवीला जाऊन आलेली मंडळी आत शिरली. कपाळभर भंडारा, हातात नारळाच्या भकला. पुरुष पुढे निघून गेले. एक बाई, कडेवर वर्षा-दीड वर्षाचे झोपलेले पोर, त्या दगडापुढे थांबली. तिने मान जराशी कलती करून बराच वेळ पाहिले. मग बाजूच्या मुलीला म्हणाली, “बग की, कसं धरलंय तिनं.” आणि बोलता बोलता, स्वतःच्याही नकळत, तिने आपले पोर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले, त्याचे डोके खांद्यावर नीट ठेवले, पदर ओढून त्याच्या पायांवर घातला आणि ती पुन्हा दगडाकडे पाहू लागली.